नाथामामांचा दहावा

मी कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय विकत घेत नाही! टरबूज घेताना ते कानाशी धरून वाजवतो, चप्पल घेताना दुकानात चार फेऱ्या मारतो, आणि लग्न ठरण्याआधी उज्वलाला पाच वेळा भेटलो होतो. (पाच वेळा भेटूनही आपण हो कसं म्हटलं, याचा उज्वला अजून शोध घेतेय.) तेव्हा मोबाइलमधलं एक ॲप वर्षाला अठराशे रुपये मागतं म्हणून मी ते मुकाट्यानं देऊन टाकीन, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या योगेशला ओळखलेलंच नाही!

ॲपचं नाव 'सवड'. म्हटलं तर कॅलेंडर, म्हटलं तर सेक्रेटरी. कोणत्या दिवशी काय आहे ते लिहून ठेवायचं, ते आपल्याला आठवण करतं. पाहुण्यांचे नंबर दिले की त्यांना आमंत्रणही आपोआप पाठवतं.

ते घ्यायची वेळ का आली, तेही सांगतो. पंचवटीत माझं फुलांच्या सजावटीचं दुकान आहे. मांडव, स्टेज, नवरीची गाडी, सगळं करतो. गेल्या महिन्यात एका नवरीची गाडी सजवायला मी अगदी टायमावर पोचलो. फक्त एक दिवस उशिरा! नवरी तोवर सासरी जाऊन तिथल्या सगळ्यांना चहा देत होती. तिच्या वडिलांनी मला अंगणातच उभं करून माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. त्याच संध्याकाळी मी 'सवड' उतरवून घेतलं.

"भिंतीवर कॅलेंडर आहे की," उज्वला म्हणाली. "मागच्या पानावर भाजीची कृती असते, वर भविष्यही असतं. तुमच्या ॲपात आहे का भविष्य?"

"भिंतीवरचं कॅलेंडर आठवण करून देतं का?"

"मी देते ना! तुम्ही ऐकता का?"

मी लगेच विषय बदलला आणि माझी योजना सांगितली. ॲप फुकटातही चालत होतं. फुकटवाल्यात काही सोयी नव्हत्या, त्या पैसे भरले की मिळणार होत्या. मी ठरवलं, फुकटच्या ॲपवर एक मोठा कार्यक्रम काढून बघायचा. निभावलं तर पैसे कशाला द्या? अडलं, तर द्यायचे. आहे की नाही शास्त्रीय पद्धत?

आणि मोठा कार्यक्रम तर दारातच उभा होता. नाथामामांच्या नर्सरीचा दहावा वर्धापनदिन!

नाथामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आईच्या माघारी त्यांनीच मला फुलांच्या धंद्याला लावलं. मखमलाबाद रोडला त्यांची गुलाबाची नर्सरी. माणूस असा, की स्वतःच्या पोरापेक्षा रोपाला आधी पाणी घालील. पण त्यांच्या मनात एक सल होता. नातेवाईक त्यांच्याकडे फिरकत नसत. त्यातही भागीमावशी, म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण, चांदवडला दिलेली. तिच्या पोराच्या लग्नात मामांनी बहिणीला माहेरची साडी नेण्याऐवजी गुलाबाची रोपं नेली. तीही कुंड्यांसकट, मांडवात! "साडी विरते, गुलाब दरवर्षी फुलतो," असं त्यांचं म्हणणं. मावशीचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते तिनं सगळ्या वऱ्हाडासमोर मांडलं. तेव्हापासून बहीणभावात अबोला.

मामा आधी घरच्या घरी उरकू म्हणत होते, पण मी हट्ट धरला. "बरं, सगळ्यांना बोलाव रे योगेश," मामा मला म्हणाले. "येणार तर कुणी नाय. पण बोलाव." मग जरा थांबून, गुलाबाचं एक वाळकं पान खुडत म्हणाले, "भागी येईल का रे?"

मला गलबलून आलं. म्हटलं, मामा, तुम्ही फक्त बघत राहा! घरी येऊन मी ॲपात टाइप केलं : 'नाथामामांचा दहावा वर्धापनदिन सोहळा.' खाली ठिकाण टाकलं, नर्सरी, मखमलाबाद रोड. रविवार, सकाळी दहा.

उज्वला खांद्यावरून डोकावली. "मामांचा वर्धापनदिन कसा असेल? नर्सरीचा ना?"

"सगळ्यांना कळतं गं!"

आणि मी चांदवडपासून नांदगावपर्यंतच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना आमंत्रण धाडून दिलं. एक बटण दाबलं की झालं! पत्रिका नाही, पोस्ट नाही, पेट्रोल नाही.

दुसऱ्याच दिवशी चमत्कार! भागीमावशीचा फोन! मावशी आमच्याशीही फारसं बोलत नसे, कारण आम्ही मामांच्या पार्टीतले.

"योगेश," तिचा आवाज बसलेला होता. "हर्षालीनं आत्ता मेसेज वाचून दाखवला." हर्षाली म्हणजे तिची सून. "खरं हे का रे?"

"खरंच की मावशी! मीच पाठवलाय."

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, रेंज गेली.

"अन् आम्हाला आत्ता सांगता?"

"मामा तर म्हणत होते, घरच्या घरी उरकू, कुणाला त्रास नको. मीच म्हटलं, नाही, सगळ्यांना बोलवायचं!"

"म्हणजे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं?"

"कधीचंच! सगळं ठरवून ठेवलंय त्यांनी. पंगतीत बुंदीच पाहिजे, हेसुद्धा!"

मावशीनं नाक ओढलं. चांदवडला सर्दीची साथ असावी, असं मला वाटलं.

"लय त्रास झाला का रे त्याला?"

मला नर्सरीची सुरुवातीची वर्षं आठवली. "झाला की मावशी. कीड लागली होती ना. आतून पोखरून काढलं सगळं. औषधांवर किती खर्च केला, काही उपयोग नाही. पण आता सगळं मोकळं झालं बघ. आता नुसता आनंद!"

"माझं नाव काढायचा का?"

"रोज! शेवटीसुद्धा एकच म्हणाले, भागी येईल का रे?"

यावर मावशीनं असा काही हंबरडा फोडला, की मी फोन कानापासून वीतभर लांब धरला. "येते रे! येते! सगळ्यांना घेऊन येते!"

मीसुद्धा डोळे पुसले. आनंदाश्रू हो! उज्वलाला म्हटलं, "बघितलंस? एवढ्या वर्षांचा अबोला एका मेसेजनं वितळला! तेही फुकटच्या! पैसे भरायचं काही कारणच उरलं नाही."

तिकडे नांदगावला मामांचे चुलतभाऊ खंडेराव यांनाही मेसेज गेला होता. खंडेराव म्हणजे पिळदार मिशीचा माणूस. मिशी आधी दारातून आत येते, मागाहून खंडेराव. ते कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. त्यांनी खात्री करायला थेट मामांच्याच मोबाइलवर फोन लावला. तो उचलला आशामामीनं. हा संवाद मला नंतर मामीनं सांगितला, तो असा :

"नाथा आहे का?"

"ते नाहीत हो. सकाळीच गेले." (मामा नवा कोट शिवायला टाकायला गेले होते.)

"अरेरे! जाताना काही बोलला का?"

"काही नाही. चहा घेतला अन् गेले."

खंडेरावांनी फोन ठेवला आणि समस्त भाऊबंदांना कळवलं, की बातमी पक्की आहे. नाथा चहा घेता घेता गेला!

रविवार उजाडला. मी पहाटेच नर्सरीत हजर. फाटकाला झेंडूच्या माळा, कमानीला गुलाब, आत खुर्च्या, सनईची रेकॉर्ड. बुंदीचा वास थेट रस्त्यावर. आणि मामा! नवा कोट, डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात मीच केलेला निशिगंधाचा हार, आणि केस असे काळेभोर केलेले, की आशामामी त्यांना दोनदा "कोण पाहिजे?" म्हणाली.

दहा वाजले. कुणी नाही.

"येतील," मी म्हटलं. "आपली माणसं घड्याळ बघत नाहीत."

साडेदहा झाले. आचारी झाकण उघडून बुंदीकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. रिकाम्या खुर्च्यांवर दोन साळुंक्या येऊन बसल्या. निदान कुणीतरी बसलं म्हणून मामांनी त्यांना हुसकावलं नाही. पण त्यांचा फेटा मात्र हळूहळू खाली यायला लागला. डोकंच खाली जात होतं ना!

"जाऊ दे रे योगेश," ते म्हणाले. "माझ्याकडं कोण येतंय!"

तेवढ्यात फोन वाजला. भागीमावशी!

"अरे कुठं हाय तुम्ही? आम्ही कवाचे येऊन बसलोय!"

"कुठे?"

"कुठं म्हणजे? रामकुंडावर!"

"रामकुंडावर कशाला?"

"मग दहावा काय तुझ्या दुकानात घालू? इथं तीन-चार दहावे चाललेत. आपला कोणता ते सांग पटकन! गुरुजी कोण? पिंड कुठं मांडलाय?"

मामांना ऐकू जाऊ नये म्हणून मी गुलाबांच्या रांगेत शिरलो. काटे लागले, तेही कळले नाहीत. "मावशी, ऐक! मामा जिवंत आहेत!"

"व्हय रे लेकरा," मावशी हुंदका देत म्हणाली. "आपल्यासाठी तो जिवंतच हे. असा माणूस कधी जात नसतो." आणि तिनं फोन ठेवला.

मी धावत उज्वलाकडे गेलो. "तुला आलेलं आमंत्रण दाखव!"

"मी कुठं उघडलंय? तुमचे मेसेज मी उघडतच नाही."

तिनं आत्ता उघडलं. स्क्रीनवर लिहिलं होतं : 'नाथामामांचा दहावा…' बस! वर्धापनदिन नाही, सोहळा नाही, ठिकाण नाही. खाली तारीख, वेळ आणि बारीक अक्षरांत : 'पूर्ण शीर्षक व ठिकाण पाहुण्यांना दिसण्यासाठी प्रीमियम घ्या.'

माझ्या फोनवर मला सगळं पूर्ण दिसत होतं. पाहुण्यांना मात्र फुकटात जेवढं बसलं, तेवढंच गेलं होतं!

"पुसून टाका ते आधी!" उज्वला ओरडली.

बरोबर! मी घाईघाईनं कार्यक्रम डिलीट केला. डिलीट होताच 'सवड'नं कार्यक्षमतेचा कळस गाठला. सगळ्या पाहुण्यांचे फोन एकदम वाजले. उज्वलाचाही. तिनं वाचून दाखवलं : 'नाथामामांचा दहावा रद्द करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

यानंतर माझा फोन वाजायचा थांबलाच नाही. एक म्हणाला, रद्द कसा होतो? दुसरा म्हणाला, आता एकदम तेराव्यालाच बोलावणार का? तिसऱ्यानं विचारलं, म्हणजे नाथाला इस्टेटीवरून अडवून धरलंय का? मी प्रत्येकाला 'मामा जिवंत आहेत' सांगत होतो आणि प्रत्येक जण मला 'धीर धर' सांगत होता.

मागे वळलो, तर मामा उभे. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता हा माणूस खरोखरच जाणार!

मामा खुर्चीवर बसले. फेटा सरळ केला. "भागी आलीय?"

"हो मामा."

"माझ्यासाठी?"

"हो."

"रडतेय?"

"जोरात!"

मामा ताडकन उठले. डोळे असे चमकले, जणू वीस वर्षांनी लहान झाले! "मग उभा काय राहिलास? गाडी काढ!"

माझ्या पिकअपवर सजावटीचे उरलेले हार लटकत होते. तशीच काढली. पंचवटी कारंजाला एवढी गर्दी, की गाडी मुंगीच्या चालीनं चालली होती. फेटा बांधलेला माणूस फुलांच्या गाडीत बघून एका रिक्षावाल्यानं विचारलं, "आजोबा, दुसरं का?" मामांनी त्याला हात हलवून दाखवला.

घाटावर पोचलो, तर समोरच आमची सगळी मंडळी. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. मोबाइल हातात धरून 'रद्द' या शब्दावर चर्चा चाललेली. पण मावशी त्यांच्यात नव्हती. ती जरा पलीकडे, दुसऱ्याच एका कुटुंबात, पिंडासमोर पदर डोक्यावर घेऊन बसली होती! त्या लोकांचे नाना गेले होते. गुरुजींनी 'नाना' म्हटलं, मावशीनं 'नाथा' ऐकलं आणि जाऊन बसली. ती बिचारी माणसंही काही बोलली नाहीत, कारण मावशी त्यांच्यापेक्षा जास्त रडत होती. त्यांना वाटलं, नानांची कुणीतरी जवळची असणार.

अडचण अशी होती, की कावळा शिवत नव्हता. कधीपासूनचा समोरच्या कठड्यावर बसून होता, पण खाली यायला तयार नाही. त्या लोकांनी सगळं सांगून पाहिलं. पोरीचं लग्न करू म्हणाले, गाय विकणार नाही म्हणाले. कावळा ढिम्म!

"माझ्यासाठीच अडलाय तो!" मावशी मोठ्यानं म्हणाली. आम्ही मागेच उभे होतो. मामांनी माझा दंड असा धरला, की अजून दुखतो. मावशीनं हात जोडले. "नाथा, ऐक रे. साडीचा राग मी सोडला! तुझी रोपं मी फेकली नाय. परसात लावलीत. दरसाल एवढाली फुलं येतात. तुला कधी सांगितलं नाय, कारण मी लय हट्टी हे. आता बोलते रे तुझ्याशी. शीव!"

आणि काय सांगू, कावळा भुर्रकन खाली आला आणि शिवला!

ते कुटुंब अक्षरशः मावशीच्या पाया पडलं. एक म्हातारी म्हणाली, "बाई, देवासारख्या आलात! आमच्या यांचं नि तुमचं नातं काय?" मावशी उत्तर द्यायला वळली आणि तिला गुलाबी फेटा दिसला. मग कोट दिसला. मग काळेभोर केस.

"भागे," मामा म्हणाले. "खरंच लावलीस का गं रोपं?"

मावशी किंचाळली नाही, बेशुद्ध पडली नाही. ती उठली, पदर खोचला आणि तिनं मामांच्या पाठीत असा धपाटा घातला, की निशिगंधाच्या पाकळ्या उडाल्या!

"मेला नाहीस, तर सांगायचं नाय का रे!"

"तू बोलत होतीस का माझ्याशी? कुणाला सांगू?"

मावशीनं आणखी एक धपाटा घातला, आणि मग त्याच हातानं त्यांना जवळ ओढलं. दोघं बहीणभाऊ तिथं असे रडले, की मघाशी ती एकटी रडत होती, ते काहीच नव्हे. "आता कावळ्याला शब्द दिलाय," ती म्हणाली. "बोलावंच लागंल तुझ्याशी." मामांनी गळ्यातला हार काढला, त्या कुटुंबाला नमस्कार केला आणि नानांच्या फोटोपुढे तो हळूच ठेवला.

एवढ्यात बाजूनं गर्जना झाली. "नाथ्या!"

खंडेराव! एका नाभिकासमोर मांडी घालून बसलेले. दुःखाच्या भरात त्यांनी सगळ्यांच्या आधी नंबर लावला होता. डावीकडची मिशी गेलेली, उजवीकडची शिल्लक! अर्धा चेहरा सरदाराचा, अर्धा नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा!

"नाथ्या, जिवंत होतास, तर जरा पाच मिनिटं आधी यायचं ना रे!"

नाभिकानं अदबीनं विचारलं, "मालक, उरलेली ठेवायची का?" खंडेरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं वस्तरा लगेच पेटीत ठेवला. घरी आरशात बघितल्याशिवाय ते कोणताही निर्णय घेणार नव्हते.

मग काय! सगळी वरात नर्सरीत आली. वर्धापनदिन असा झाला, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. अख्खा मांडव पांढऱ्या कपड्यांत, मधे एक गुलाबी फेटा, आणि खंडेराव प्रत्येक फोटोत फक्त उजवी बाजू करून उभे. खुर्च्या कमी पडल्या, बुंदी संपली, आचाऱ्यानं दुसरा घाणा काढला. मावशीनं भाषण केलं. त्यात भावाचं कौतुक थोडं केलं आणि त्याच्या केसांबद्दल जास्त बोलली. जाताना प्रत्येकानं एकेक रोप नेलं. मावशीनं चार नेली, कुंड्यांसकट.

"योगेश," मामा मला मिठी मारून म्हणाले, "माझ्या लग्नाला एवढी माणसं नव्हती! नुसतं वर्धापनदिन म्हटलं असतं, तर चिटपाखरू आलं नसतं बघ. तुझं ॲप लय भारी! पुढच्या वर्षीचा अकरावाही तूच करायचा. अन् त्याच्या पुढचेही!"

दोन दिवसांनी आम्ही दुकानात हार ओवत बसलो होतो. मी विषय काढला. "काय करायचं मग? घ्यायचं का प्रीमियम? माझ्या हिशेबानं फुकटचं ॲप फेल गेलं. पण कार्यक्रम तर पास झाला! पद्धतच कोलमडली."

उज्वलानं सुई थांबवली. "मामा काय म्हणाले? पुढच्या वर्षी काय?"

"अकरावा."

"त्याच्या पुढच्या वर्षी?"

"बारावा."

"आणि मग?"

मी बोटांवर मोजलं आणि हातातला हार खाली ठेवला. अठराशे रुपये एकाएकी फारच स्वस्त वाटायला लागले.

"भरा," उज्वला म्हणाली. "पूर्ण नाव दिसलंच पाहिजे."

मी फोन काढला, मुकाट्यानं पैसे भरले आणि मोठ्या समाधानानं म्हणालो, "ठरलं तर! मामांचा तेरावा एकदाचा नीट पार पडू दे, मग बंद करून टाकू!"

समोर काहीतरी पडल्याचा आवाज आला. रोज देवाला फुलं न्यायला येणाऱ्या विठाबाईंनी हातातली पिशवी खाली टाकली होती.

"अगं बाई!" त्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "कधी गेले हो नाथामामा?"